साळव्यांच्या घरची तपासणी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. वहिनी म्हणजे मार्थाबाई, याकोब साळवेची बायको. त्या फोन करतात तेव्हा आधी माझी शुगर विचारतात, मग सूनबाईंचं, मग कामाचं बोलतात. त्या दिवशी यातलं काही नाही. "गुरुजी, तुमचा जोडीदार गेला," एवढंच म्हणाल्या आणि फोन कानाला तसाच राहिला... मागं कुणीतरी भांडी हलवत होतं, ते ऐकू येत होतं. मला रडू आलं नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की सुटला बिचारा. आणि लगेच त्याच्या पाठोपाठ आलं की आपणही सुटलो, आता सोमवारी फाईल घेऊन कुठं जायला नको. या दुसऱ्या विचाराची मला अजून लाज वाटते. म्हणून तो आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना मला कुणी फार चांगला माणूस समजणार नाही.

याला आता दीड महिना झाला. साळवे आणि मी पारनेर तालुक्यातल्या एका माळावरच्या शाळेत एकवीस वर्षं बरोबर होतो. दोन खोल्या, दोन शिक्षक. पहिली-दुसरी त्याच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. तो वस्तीशाळेवरून आलेला, कायम व्हायला उशीर झाला आणि पेन्शन नशिबात आली नाही. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही, मीच त्याच्या वतीनं कुरकुरायचो. पोरं त्याला सोडून घरी जायला तयार नसत. आणि अक्षर! फळ्यावर सुविचार लिहायचा तो सकाळी, आणि संध्याकाळी पुसायची माझी हिंमत व्हायची नाही. तो म्हणायचा, "पूस की गाडेकर, उद्याचा कुठं लिहू?"

शाळेतल्या माणसाला विचारा, वर्षात सगळ्यात मोठा सण कोणता, तर दिवाळी नाही, तपासणी. विस्तार अधिकारी येणार म्हटलं की आठ दिवस आधी आमच्या अंगात यायचं. भिंतींना चुना, नवे तक्ते, पोरांची नखं, पाढ्यांची घोकंपट्टी. हुशार पोरं पहिल्या रांगेत, सर्दीवाली मागं. साहेब विचारणार ते प्रश्न आम्हाला पाठ आणि त्यांची उत्तरं पोरांना पाठ. आहे त्यापेक्षा चांगलं दाखवायचं, साहेबांनी शेरेबुकात "समाधानकारक" लिहायचं, आणि मग दुसऱ्या दिवसापासून पुन्हा शाळा जशी होती तशी. यात फसवणूक आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पाहुणा येणार म्हणून घर झाडतो, तसंच ते.

एका वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले होते. महिनाभर मी शाळेत असून नसल्यासारखा. वर्ग पार ढासळला होता, तिसरीच्या पोरांना वजाबाकी येईना. आणि नेमके साहेब न कळवता आले, मोटारसायकल झाडाखाली लावताना खिडकीतून दिसले. तेवढ्यात मधल्या दारातून साळवेच्या वर्गातली तीन पोरं आली आणि गुपचूप माझ्या पहिल्या रांगेत बसली. दुसरीतली होती, पण त्यातली एक पोरगी अशी होती की पाढ्यात तिनं तिसरीच्या पोरांच्या बापांना ऐकलं नसतं. साहेबांनी विचारलं, तिनं सांगितलं, "वर्गाची तयारी उत्तम" असा शेरा पडला. शेजारच्या खोलीत साळवेचा वर्ग मात्र उघडा पडला आणि त्याला जरा बोलणी बसली. मी नंतर त्याला म्हटलं, अरे असं का केलंस? तर खडूचे हात झटकत म्हणाला, "माझा वर्ग कसा आहे ते मला ठाऊक आहे. तुझा पडला असता तर आत्ता तुला सोसलं नसतं." आणि चहा ठेवायला गेला.

हे सगळं मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

निवृत्तीनंतर दोघंही पारनेरलाच राहिलो, दोन गल्ल्यांचं अंतर. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तो अंगणातल्या नळावर बादली भरत होता. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना, म्हणून वहिनी बघायला आल्या, तर हा खाली बसलेला आणि उजवा हात नळापर्यंत पोहोचत नव्हता. लकवा. नगरला नेलं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण एसटीत बसलं की तोंडातून नगरच येतं.) उगाच खोटं कशाला बोलू, दवाखान्यात सरकारी विम्याच्या कार्डानं साथ दिली. खाट, औषधं, तपासण्या, कशाला अडलं नाही. माणूस जगला. घरी आला तेव्हा उजवं अंग लुळं, तोंड वाकडं आणि जीभ जड.

मग व्यायामाचं सुरू झालं. कार्डावर फिजिओथेरपीच्या वीस बैठका मिळत होत्या, त्यापुढं हव्या असतील तर वेगळी मंजुरी. अश्विनीताई नावाची फिजिओ होती, स्कूटीवरून घरी यायची. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आजोबा, पाय विसरला नाही, मेंदू विसरलाय. त्याला पहिलीच्या पोरासारखं पुन्हा शिकवायचं. वेळ लागेल, महिने लागतील, पण खाडा नको. साळवेचा चेहरा उजळला. जन्मभर पहिलीच शिकवली होती त्यानं. ताईनं भिंतीला वीस चौकटींचा कागद लावला, त्याला तो हजेरीपट म्हणायला लागला. ताई आली की डाव्या हातानं खूण करायला लावायचा.

त्याला फार काही नको होतं. पुन्हा फळ्यावर लिहावं, देवळात... म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये चालत जावं, असलं काही तो कधी बोलला नाही. त्याच्या खाटेपासून मागच्या दारापर्यंत जेमतेम बारा पावलं आणि दाराला लागूनच संडास. तेवढं एकट्यानं जाता यावं, बस. वहिनींचे गुडघे कामातून गेलेले. त्या त्याला काखेत धरून उचलायच्या तेव्हा दोघांच्याही तोंडून आवाज यायचा. एकदा मला त्यानं जवळ बोलावलं आणि शब्द जुळवत जुळवत म्हणाला, "मार्थानं... मला... उचलू नये. एवढं... कर."

माझ्याकडं शाळा रंगवताना उरलेला पांढरा ऑइलपेंट होता. क्रीडा स्पर्धेला आपण मैदानावर चुन्याची फक्की मारतो ना, तसे मी त्याच्या फरशीवर पट्टे मारले. खाटेपासून दारापर्यंत बारा. वहिनी म्हणाल्या, घराची पार शाळा केली. ताईला मात्र आवडलं, म्हणाली, डोळ्यांना टप्पा दिसला की पाय उचलतो. आणि खरंच उचलायला लागला. दहाव्या बैठकीला दोन पट्टे, पंधराव्या बैठकीला पाच. मी एका बाजूला, काठी दुसऱ्या बाजूला. एकोणिसाव्या दिवशी आठवा पट्टा गाठला आणि तिथंच घामाघूम होऊन उभा राहिला. चार पट्टे राहिले होते. ताई म्हणाली, मुदत वाढवून मिळाली तर आजोबा दार गाठतील, मला शंका नाही.

मुदतवाढीचा अर्ज मीच भरला. त्याच्या मोबाईलवर निरोप आला, अमुक तारखेला विम्याचे साहेब घरी येऊन रुग्णाची तपासणी करतील. झालं. माझ्या अंगात आलं.

आठ दिवस मी त्या माणसाकडून तयारी घोटून घेतली. सकाळ-संध्याकाळ तेलानं पाय चोळले. आदल्या दोन दिवशी अजिबात चालवलं नाही, ताकद राखून ठेव म्हटलं. न्हावी घरी आणला. पांढरा सदरा इस्त्री केला. जीभ अडखळत होती म्हणून एकच वाक्य बसवून घेतलं, नमस्कार साहेब, माझं नाव याकोब साळवे. शंभर वेळा म्हणून घेतलं असेल. तो कंटाळून माझ्याकडं बघायचा आणि मी म्हणायचो, पुन्हा. आदल्या संध्याकाळी वहिनी माझ्याशी जरा तुटक वागल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

साहेब आले. तरुण होते, नम्र होते, हातात टॅब. मी वर्गाबाहेर उभं राहावं तसा पुढच्या दारात उभा. साळवे काठी टेकून उठला. एक... दोन... माझे ओठ हलत होते. आठव्या पट्ट्यावर तो थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग उजवा पाय अक्षरशः फरफटत ओढला. नऊ. दहा. मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. अकरा. बारा. दाराची चौकट धरली, वळला आणि म्हणाला, "नमस्कार साहेब, माझं नाव याकोब साळवे." एकही अक्षर चुकलं नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. खूप छान प्रगती आहे काका, म्हणाले, टॅबवर भराभर बोटं फिरवली, वहिनींनी केलेले पोहे खाल्ले आणि गेले. मी घरी गेलो ते छाती पुढं काढून. बायकोला म्हटलं, उत्तम शेरा मिळाला बघ.

शेरा चार दिवसांनी मोबाईलवर आला. रुग्ण स्वतः चालतो, स्वतः बोलतो, पुढील उपचारांची आवश्यकता नाही. अर्ज नामंजूर.

अश्विनीताई धावत आली. मी तिथंच होतो. तिचा संताप मी पहिल्यांदा पाहिला. "गुरुजी, चालवून कशाला दाखवलं? रोज जसे असतात तसे दिसू द्यायचे होते ना. चांगलं दिसलं की ते बंदच करतात. मी तर..." ती पुढं काही बोलणार होती, पण खाटेकडं बघून गप्प झाली. मी तिला समजावत बसलो, की ताई, आमच्या खात्यात असं नसतं, आमच्यात चांगलं दाखवलं तर चांगला शेरा... आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या बारा पट्ट्यांनंतर तो दोन दिवस कुशीवरसुद्धा वळू शकला नव्हता, हे साहेबांना कोण सांगणार? त्यांनी जे बघितलं ते लिहिलं. मी जे दाखवलं ते त्यांनी बघितलं.

मग माझ्या नगरच्या खेपा सुरू झाल्या. फाईल, झेरॉक्स, खिडकी. या खिडकीवरून त्या खिडकीवर. कुणी उद्धट वागलं असं म्हणणार नाही, एका बाईंनी तर मला बसायला खुर्ची दिली. पण खुर्चीवर बसून तरी काय करणार? "आजोबा, सिस्टीम घेत नाही," असं त्या म्हणायच्या आणि मला त्यांचीही कीव यायची. फेरतपासणीला साडेतीन महिने लागले. तेवढ्यात ताई काही रविवारी आपणहून येऊन गेली, पण तिचं लग्न ठरलं आणि ती संगमनेरला गेली. जाताना मला व्यायाम लिहून देऊन गेली. मी करायचो. पण शिकवणं वेगळं आणि शिकवल्यासारखं करणं वेगळं, हे माझ्याइतकं कुणाला कळणार! माझ्या हाताखाली त्याचा खांदा दुखायचा, तो दात खायचा, मी सोडून द्यायचो. हात आखडला, मग पाय आखडला. आठवरून सहा, सहावरून तीन. नंतर मी मोजणं सोडलं.

दुसऱ्या तपासणीला मी कसलीही तयारी केली नाही. दाढीसुद्धा केली नाही त्याची. करण्यासारखं राहिलंही नव्हतं काही, त्याला उठून बसतासुद्धा येत नव्हतं. या वेळी बाई आल्या होत्या. त्यांनी मायेनं विचारपूस केली, पाय उचलायला सांगितला, वाट बघितली, पुन्हा सांगितलं. आठवड्यानं निरोप आला. रुग्णात अपेक्षित सुधारणेची शक्यता दिसत नाही. अर्ज नामंजूर.

चालला म्हणून बंद, चालेना म्हणून बंद. मी तो निरोप त्याला वाचून दाखवला आणि माझा आवाज चढला, काय बोललो ते आठवत नाही, सगळ्या खात्यांना शिव्या घातल्या असतील. तो पडल्या पडल्या ऐकत होता. मग अर्ध्या तोंडानं हसला आणि एकेक शब्द वर काढत म्हणाला, "पास झालं... तरी वर्गाबाहेर. नापास झालं... तरी वर्गाबाहेर." मला हसू आलं नाही. मी इतकंच म्हणेन, की ज्यानं कुणी तो फॉर्म बनवला असेल त्यानं आयुष्यात कधी कुणाला उचलून संडासला नेलेलं नाही. नेलं असतं, तर बरा झाला आणि बरा होणार नाही यांच्या मध्ये जी माणसं पडलेली असतात, त्यांच्यासाठी एखादी चौकट ठेवली असती.

त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही. वहिनी उचलत राहिल्या, मी दर सोमवारी फाईल घेऊन नगरला जात राहिलो. एकदा दोघंही दारापाशी पडले आणि शेजारचे येईपर्यंत तसेच पडून होते. नंतर त्याला दारापर्यंत न्यायचंच सोडलं, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ धरला. शेवटी शेवटी मी गेलो की तो डोळे मिटून घ्यायचा. मला वाटायचं, रागावलाय. त्याच्या मातीला माळावरच्या शाळेतली पोरं आली होती, पोरं कसली, बाप्ये झालेले. पाळकांनी प्रार्थना केल्यावर मला दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो आणि पुन्हा बसलो.

परवा वहिनींकडं गेलो होतो. त्यांची मुलगी पुण्याहून आली होती, फरशीवरचे पट्टे काढायला थिनर घेऊन. वहिनींनी तिला हात लावू दिला नव्हता, बाटली तशीच कोनाड्यात होती. मुलगी बाजारात गेली आणि आम्ही दोघंच उरलो. वर्षभर मनात ठेवलेलं मी तेव्हा बोललो. म्हटलं, वहिनी, माझ्यामुळं झालं हे. मी त्याला त्या दिवशी चालवला नसता तर...

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, "त्यास्नी ठाव हुतं, गुरुजी."

म्हटलं, काय ठाऊक होतं?

"ताईनं आदल्या दिशीच सांगितलं हुतं आमाला. साहेबाम्होरं जास्ती चालू नका, बंद करत्यात. मी म्हनलं, बसूनच ऱ्हावा. तर म्हनले, गाडेकर आठ दिस राबलाय. त्याचा वर्ग पडता कामा न्हाई. लई भांडले मी त्यांच्याशी. तुमचा बी लई राग आल्ता मला. उचलत तर मीच हुते ना... आता न्हाई राग. आता कशाचाच न्हाई."

त्यांनी चहा केला, मी तो प्यालो. कप मोरीत ठेवायला मागच्या दाराकडं निघालो आणि पहिल्यांदा नीट खाली बघितलं. खाटेपासून आठव्या पट्ट्यापर्यंत रंग उडालाय, त्याच्या उजव्या पायाच्या फरफटीनं. नऊ, दहा, अकरा, बारा अजून नव्यासारखे आहेत. त्यांच्यावरून तो स्वतःच्या पायानं एकदाच चालला. मी आठव्यापाशी थांबलो आणि पुढचे चार पट्टे भिंतीला धरून, कडेकडेनं ओलांडले.